गोव्यात बीएस्सी नर्सिंग: वॉर्डचे तास कसे भरतात

प्रवेशाच्या दिवसांत पालक हमखास विचारतात, "हॉस्पिटलच्या अनुभवासाठी वेगळा अर्ज कुठं करायचा?" कुठंच नाही. प्रवेश झाला की कोणी कुठल्या वॉर्डात जायचं ते कॉलेजच लावतं. बांबोळीच्या सरकारी नर्सिंग इन्स्टिट्यूटच्या मुलांना गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ, हाकेच्या अंतरावर आहे, मनोरुग्णांचं सरकारी इस्पितळही बांबोळीतच.

भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमानुसार प्रवेशवर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण हवीत. बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी मिळून ४५ टक्के गुण लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ४०; इंग्रजीत पास व्हावंच लागतं.

गुणपत्रिका, जन्मदाखला, रहिवासी दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला, हे सगळे जमवतातच. मागे राहतो तो तंदुरुस्तीचा दाखला आणि हेपटायटिस बीची लस. तिचे तीन डोस पूर्ण व्हायला सहा महिने जातात. त्यामुळे निकालाची वाट न बघता पहिला डोस घेऊन ठेवा, सुईशी गाठ लवकरच पडणार आहे.

आता खरी मेख. अभ्यासक्रम क्रेडिट या एककात मोजतात. वॉर्डातल्या कामाचा एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरमध्ये ८० तास. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी पुरते, म्हणून चतुर्थीला गावी गेलेली मुलं दोन दिवस जास्त राहतात. पण पदवी हातात पडण्यापूर्वी प्रत्येक क्लिनिकल विभागाची हजेरी १०० टक्के लागते. बुडालेली प्रत्येक ड्युटी भरून द्यावीच लागते, आणि तीही मैत्रिणी घरी गेल्यावर.

आठव्या सेमिस्टरला इंटर्नशिप: २२ आठवडे, आठवड्याला ४८ तास, एकूण १०५६. मेडिकल-सर्जिकल, बालरोग, प्रसूती, मनोरुग्ण आणि सामुदायिक आरोग्य, सगळीकडे फिरावं लागतं.

लॉगबुकवर, म्हणजे वॉर्डात काय काय केलं त्याच्या नोंदवहीवर, सही त्याच दिवशी घ्या. महिनाअखेरीस दहा पानं घेऊन सिस्टरसमोर उभं राहिलात तर त्यांनी काय म्हणून सही करायची? कॅथेटर तुम्ही घातला की नुसता ट्रे धरला, हे तोवर कुणालाच आठवत नाही.

शिक्षण इंग्रजीत होतं, पण पेशंट इंग्रजीत कण्हत नाही. मराठी शाळेतून आलेल्यांचीही कोकणीत "खंय दुखता?" (कुठं दुखतं?) विचारताना आधी जीभ अडखळते. आजी मात्र तेवढ्यानंच हात पुढं करते.

पदवीनंतर गोवा नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करायची. इथं मात्र अर्ज तुमचा तुम्हीच भरायचा.