हीबी (लघुग्रह)

मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यानच्या मुख्य पट्ट्यातला हा दगडी, म्हणजे एस-प्रकारचा लघुग्रह. शोधक्रमाने सहावा. १ जुलै १८४७ रोजी तो कार्ल लुडविग हेन्के या हौशी निरीक्षकाला सापडला. हेन्के टपाल खात्यातले. निवृत्तीनंतर तारानकाशे काढत बसत. त्यांचा पहिला लघुग्रह, अ‍ॅस्ट्रिया, सापडायला पंधरा वर्षे गेली होती. हीबी पुढच्या पावणेदोन वर्षांतच हाती लागला. ग्रीक पुराणातल्या तारुण्यदेवतेचे हे नाव गाउस या गणितज्ञाने सुचवले.

व्यास सुमारे १९० किमी, म्हणजे सरळ रेषेत छत्रपती संभाजीनगरहून पूर्णा जंक्शनपर्यंत. सूर्याभोवती एक फेरी पावणेचार वर्षांत, स्वतःभोवती सव्वासात तासांत.

हीबीचे महत्त्व त्याच्या जागेत आहे. गुरूची एक फेरी होते तेवढ्यात जिथे तीन फेऱ्या होतात, ती पट्ट्यातली रिकामी फट त्याच्या कक्षेजवळच आहे. तिथे सरकलेल्या तुकड्याची कक्षा गुरूच्या ओढीने लांबट होत जाते आणि तो पृथ्वीच्या वाटेत येऊ शकतो. म्हणून एच-कॉन्ड्राइट या लोहसमृद्ध अशनींचे, म्हणजे आभाळातून पडणाऱ्या दगडांचे, मूळ हीबीच, असे बरीच वर्षे मानले गेले. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत मात्र, एवढे तुकडे निघायला हवेत त्या मानाने त्याच्यावरचे खड्डे लहान भरले, आणि हा दावा आता सैल झाला आहे.

मराठवाड्यात नांगराला लागलेला काळा, जड दगड ‘आभाळातून पडलेला’ म्हणून दाखवायला आणतात. बहुतेक वेळा तो बेसाल्टच निघतो, जात्या-पाट्याचा आपला नेहमीचा दगड. लोहचुंबकावर भरवसा ठेवू नये. बेसाल्टही थोडा ओढला जातो. दगडाला भोके असतील, भोकांत पांढरी गारगोटी असेल, तर तो इथलाच. एच-कॉन्ड्राइटला भोके नसतात. वरून पातळ काळी साल असते, आणि कोपरा घासला की आत धातूचे चमकदार कण दिसतात.

खुद्द हीबी पाहायचा तर दुर्बीण हवी. फार अनुकूल वेळी त्याची प्रत, म्हणजे तेजाचे माप, साडेसातपर्यंत येते (आकडा मोठा, तितके तेज कमी). अंधाऱ्या गावी, माळवदावर बसून आकाशात हीबी असेल त्या भागातले सगळे ठिपके कागदावर उतरवावेत. दोन-तीन रात्रींनी पुन्हा उतरवावेत. जो ठिपका जागेवरून हलला, तो हीबी. हेन्केंनीही हेच केले होते.