भिकबाळी चालते, मग खडा का खुपतो?

गेल्या गणपतीत भाच्यानं उजव्या कानाला भिकबाळी लावली. दाबाचीच होती, पण ढोलपथकाच्या पांढऱ्या झब्ब्यावर काय खुलली होती! ताईनं फॅमिली ग्रुपवर चार फोटो टाकले, खाली दाजींनी लिहिलं, "अगदी पेशवाई थाट." दिवाळी झाली, आणि त्याच पोरानं त्याच कानाची पाळी टोचून मुगाच्या दाण्याएवढा पांढरा खडा घातला. ग्रुपवर शुकशुकाट. पुढच्या रविवारी मी जेवायला गेलो तर दाजींनी मला गॅलरीत नेलं, दार ओढून घेतलं आणि तुळशीच्या कुंडीकडे बघत विचारलं, "काय रे, हा तसला तर नाही ना?"

तसला म्हणजे कसला, हे मराठीत कधी सांगावं लागत नाही. आवाज खाली आला की समजायचं.

दाजींच्या मते त्यांनी एक प्रश्न विचारला होता. मला त्यात दोन ऐकू आले. पोरगा नटतो कसा, हा एक. पोराला आवडतं कोण, हा दुसरा. नटणं म्हणजे चार लोकांनी माझ्याकडे कसं बघावं याची खटपट. आणि ज्याला आपण लैंगिक कल म्हणतो, तो म्हणजे माझी नजर आपोआप कुणाकडे वळते ते. 'कल' हा शब्द मला फार आवडतो. अंगणाला कल असतो, पाणी तिकडे जातं. अंगणात रांगोळी काढा किंवा शेणानं सारवा, कल तोच राहतो.

पण मग दाजींच्या डोक्यात हा उजवा कान आला कुठून? ते मला पाठ आहे, कारण नव्वद सालच्या आसपास आमच्या कॉलेजच्या कट्ट्यावर हे ज्ञान फुकट वाटलं जायचं. पोरानं डाव्या कानात बाळी घातली तर तो हिरो, उजव्या कानात घातली तर तो गे. नियम अमेरिका-इंग्लंडकडचा, आमच्याकडे आला तो ऐकीव, आणि आम्ही तो पुणेरी पाटीसारखा मान्य केला. गंमत अशी की भिकबाळी घालायची रीत उजव्याच कानाची, वरच्या बाजूला. जेम्स वेल्स नावाच्या चित्रकारानं १७९० च्या दशकात पुण्यात येऊन सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांची चित्रं काढली. ती बघा आणि कट्ट्यावरचा नियम तिथे लावायचं धाडस करा. मोत्यांच्या माळा घालून ही माणसं राज्य चालवत होती.

तरीही असले नियम अगदी हवेतून येत नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. ज्या काळात दोन पुरुषांचं प्रेम हा तुरुंगाचा मामला होता, त्या काळात गर्दीत एकमेकांना ओळखायचं कसं, हा खराच प्रश्न होता. म्हणून खुणा निघाल्या. १८९२ मध्ये लंडनला ऑस्कर वाइल्डच्या एका नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला त्याच्या मित्रमंडळींनी कोटाला हिरवं कार्नेशन लावलं होतं. १९७० च्या दशकात अमेरिकेत पँटच्या मागच्या खिशातल्या रुमालाचा रंग बोलायचा. खुणेची अडचण एवढीच, की ती थोड्यांना माहीत असेपर्यंतच खूण असते. बाजारात आली की फॅशन होते, आणि फॅशन झाली की ती कुणाचीच राहत नाही.

आणि खूण गावागणिक उलटते. त्याच १९७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅस्ट्रो भागातल्या समलिंगी पुरुषांचा पेहराव ठरून गेलेला होता: झुपकेदार मिशी, चेक्सचा शर्ट, घट्ट जीन्स, कमावलेलं अंग. मर्दपणाचा सगळा सरंजाम. त्याच सुमारास पुण्यात तशी मिशी असणारा माणूस एक तर फौजदार असायचा, नाही तर आमचे मोठे काका. काकांच्या मिशीला घरातली मांजरंही भ्यायची.

'मेट्रोसेक्शुअल' या शब्दानं तर गोंधळात भरच घातली. ब्रिटिश लेखक मार्क सिम्पसननं तो १९९४ मध्ये काढला आणि २००२ मध्ये डेव्हिड बेकहॅमवर लिहिताना गाजवला. शब्दातच 'सेक्शुअल' असल्यामुळे लोकांनी धरलं, हा समलिंगीपणाचाच एखादा सौम्य प्रकार असणार. सिम्पसनचं म्हणणं नेमकं उलट होतं. शहरात राहणारा, हातात पैसा खेळणारा, आरशात रमणारा हा पुरुष समलिंगी आहे की नाही हा प्रश्नच गैरलागू आहे, कारण त्याचं प्रेम स्वतःवर बसलंय. आपल्याकडे २००५ मध्ये 'फेअर अँड हँडसम' आलं, त्याच्या जाहिरातीतला पोरगा बायकांचं गोरं व्हायचं क्रीम चोरून लावताना पकडला जायचा. गोरेपणाचं ते वेड वाईटच, त्यावर वेगळं लिहायला हवं. पण त्या जाहिरातीनं घराघरांतलं एक गुपित फोडलं: बहिणीची ट्यूब लवकर का संपते.

आता कोथरूडमधलं माझं सलून बघा. वीस वर्षांपूर्वी तिथे एक फिरती खुर्ची, तुरटीचा खडा आणि पाण्याचा फवारा होता. आता भिंतीवर दरपत्रक आहे: हेअर स्पा, डी-टॅन, बिअर्ड सेट, फेशियल, भुवया. परवा शनिवारी संध्याकाळी माझ्या एका बाजूला एक पोरगा तोंडाला काळा लेप लावून, डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवून पडला होता. दुसऱ्या बाजूला गळ्यात करंगळीएवढी सोन्याची चेन घातलेले एक गृहस्थ दाढी काळी करून घेत होते. दोघे एकाच वेळी फोनवर बोलत होते, एक काकडीखालून. मी सलूनवाल्या दादांना विचारलं, ही पोरं एवढं सगळं कशासाठी करतात हो? ते कात्री न थांबवता म्हणाले, "साहेब, निम्म्यांचं लग्न ठरलेलं असतं. होणारी बायको पाठवते. ती बाहेर स्कूटरवर बसलीय बघा." खरंच बसली होती.

म्हणजे पोराच्या गालावरच्या त्या लेपात जी ओढ होती ती थेट स्कूटरपर्यंत जात होती. दाजींनी नुसता लेप बघितला असता.

दाजींना, आणि खरं सांगायचं तर मलाही, नटणं खुपत नाही. शुक्रवार पेठेतल्या तालमीत पैलवान एकमेकांना तासभर तेल लावून रगडतात. आखाड्याच्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू पडतं, म्हणजे आजच्या भाषेत बॉडी पॅकच. कुस्ती मारल्यावर गुलाबी फेटा बांधून मिरवतात. तिथे कुणाची हिंमत आहे विचारायची? खुपतं ते नटणं बाईच्या अंगानं जातं तेव्हा. लिपबाम, नेलपॉलिश, कमरेतला किंचित लचका. त्याला आपल्याकडे शिवी आहे 'बायल्या'. ती नीट ऐका. तिचा समलिंगी असण्याशी काही संबंधच नाही, तिच्यात बाई आहे. पुरुषानं बाईसारखं दिसणं हाच मुळात गुन्हा, आणि कलाचा संशय ही त्या गुन्ह्याला जोडलेली पुरवणी.

यात पुण्याचा दुटप्पीपणा मला जास्त मनोरंजक वाटतो. नारायण श्रीपाद राजहंस, जन्म १८८८. रंगमंचावर शालू नेसून उभे राहायचे, आणि त्यांची नेसण, त्यांचे दागिने बघून घरंदाज बायका आपली फॅशन ठरवायच्या. त्याच बालगंधर्वांच्या नावाचं रंगमंदिर १९६८ पासून जंगली महाराज रस्त्यावर उभं आहे. एका पुरुषाच्या नटण्याला शहरानं नाट्यगृह दिलं, आणि त्याच नाट्यगृहासमोरच्या बसथांब्यावर डोळ्यांत काजळ घातलेल्या पोराला बघून शहर हसतं.

वर्गाचं एक वेगळंच. वस्तीतल्या पोरानं केस सोनेरी केले की तो 'छपरी', कोरेगाव पार्कातल्यानं केले की 'फंकी'. रंग एकाच डबीतला.

अंदाज का चुकतो, याचं एक साधं गणित आहे, आणि ते मी दाजींना गॅलरीतच बोटांवर मोजून घातलं. आकडे मानायचे आहेत, कुठल्या पाहणीतले नाहीत. समजा एका कॉलेजात हजार पोरं, त्यांतली पन्नास समलिंगी. समजा समलिंगी पोरांना नटायची फार हौस आहे, निम्मी पोरं कान टोचतात. बाकीच्या साडेनऊशेंत मात्र दहांतला एकच टोचतो. आता कान मोजा. पंचवीस एकीकडचे, पंच्याण्णव दुसरीकडचे. म्हणजे समज खरा धरूनही, टोचलेला कान बघून "तसला" म्हणणारा माणूस पाचांत चार वेळा तोंडावर आपटतो. दाजी बँकेतून निवृत्त झालेत, हे त्यांना लगेच पटलं. पण उरलेल्या पंचवीस जणांचं काय, ते त्यांनी विचारलं नाही. ज्यांचे कान कोरे आहेत ते.

त्यांतला एक माझ्या शेजारच्या टेबलावर चौदा वर्षं बसला. चेक्सचा शर्ट, खिशाला दोन पेनं, काखेत डबा. आमच्या ऑफिसात ज्याच्यावर कुणीच कधी संशय घेतला नसता, असा. घरच्यांनी त्याला अकरा ठिकाणी कांदेपोहे खायला नेलं. प्रत्येक वेळी त्यानं काही तरी खुसपट काढलं, आणि आम्ही त्याला चोखंदळ म्हणून चिडवलं. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ मधून बाहेर काढले, म्हणजे ते गुन्हा राहिले नाहीत, तेव्हा तो घरी सांगायच्या बेतात होता. धीर गोळा करण्यात चार वर्षं गेली, आणि ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकालच फिरवला. १८६० सालचं कलम पुन्हा घरात येऊन बसलं. पुण्यात समलिंगी लोकांसाठी समपथिक ट्रस्ट २००२ मध्ये सुरू झाला, २०११ पासून इथे प्राइडची मिरवणूक निघते, हे सगळं त्याला माहीत होतं. एकदा तो ती बघायला गेला, आणि ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून पूर्ण वेळ समोरच्या फुटपाथवर मोजे विकत घेत राहिला. सहा जोड. मला त्यानं सांगितलं ते ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं हे संबंध गुन्हा नाहीत असा निकाल दिल्यानंतर, कँटीनमध्ये, चहा गार झाल्यावर. मी बावळटासारखा म्हणालो, तू तसा वाटत नाहीस रे. तो म्हणाला, "मला शर्टाला धड इस्त्री करता येत नाही, म्हणून मी वाचलो."

वाचला म्हणजे काय, ते मला नंतर हळूहळू कळलं. नटणाऱ्या पोराच्या नशिबी टोमणे असतात, ते वाईटच. पण साध्या राहणाऱ्याच्या नशिबी स्थळं असतात. कपाळावर अक्षता पडेपर्यंत कुणी विचारत नाही, आणि मग त्या बिचाऱ्या मुलीचंही आयुष्य त्या हिशेबात ओढलं जातं. माझा मित्र अकराव्या पोह्यांवर थांबला. सगळ्यांना ते जमत नाही.

आणखी एक गोष्ट लोक याच पिशवीत कोंबतात, ती पटकन बाजूला काढतो. आपण पुरुष आहोत, बाई आहोत की आणखी कुणी, ही स्वतःबद्दलची आतली जाणीव हा तिसराच विषय आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये ती ओळख मान्य केली. ती ना कपड्यांवरून ठरते, ना कुणावर प्रेम बसतं त्यावरून. हो, आणि काही समलिंगी पोरं मुद्दाम, उघडपणे नेलपॉलिश लावतात, बघा म्हणून. ते त्यांचं सांगणं असतं. त्यांनी सांगितलं म्हणून आपल्याला कळलेलं असतं, आपण ओळखलं म्हणून नव्हे.

दाजींनी शेवटी हळूच विचारलं, "समजा असलाच तर, कुणाला दाखवायला हवं का?" मी सांगितलं, दाखवायचं काय? जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढलीय. आणि कुणी डॉक्टर "बरं करतो" म्हणाला तर २०२२ पासून राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या लेखी तो व्यावसायिक गैरवर्तन करतोय. दाजी बराच वेळ कुंडीतलं वाळकं पान खुडत राहिले. मग म्हणाले, "मग आता विचारू का त्याला?" म्हटलं, दुसरा प्रश्न विचारूच नका. तो त्याचा आहे, सांगायचं तेव्हा सांगेल, काही असलं तर. पहिला विचारा हवा तर.

दार उघडून आम्ही आत आलो. भाचा ताटावर बसला होता, कान लालसर सुजलेला, ताई हळद आणि खोबरेल कोमट करून कापसानं लावत होती आणि पुटपुटत होती. दाजी समोर बसले, पाणी प्यायले.

"कितीला पडला रे तो खडा?"

"दीडशे. तुळशीबाग."

"दीडशे?" दाजींनी वाटी खाली ठेवली. "आणि तू घासाघीस नाही केलीस?"