परवडणाऱ्या सिग्नेचर बेस गिटारी

बेस गिटार म्हणजे खालच्या पट्टीतील स्वरांची गिटार. नामवंत बेसवादकाच्या पसंतीनुसार घडवलेल्या आणि त्याच्या संमतीने त्याच्याच नावावर विकल्या जाणाऱ्या बेस गिटारला सिग्नेचर मॉडेल म्हणतात. यांपैकी ज्या गिटारी विद्यार्थ्याच्या किंवा हौशी वादकाच्या आवाक्यात, म्हणजे स्थूलमानाने 300 ते 1,000 अमेरिकी डॉलरांच्या दरम्यान येतात, त्यांचा विचार या नोंदीत केला आहे. मर्यादित संख्येने काढल्या जाणाऱ्या महागड्या प्रतिकृतींहून हा वर्ग निराळा आहे. येथे खर्च आवरताना वादकाच्या कोणत्या आवडीनिवडी राखायच्या आणि कोणत्या सोडायच्या, हे उत्पादकाला ठरवावे लागते आणि मॉडेलचा खरा कस त्या निवडीतच लागतो.

इलेक्ट्रिक बेस हे मुळातच कारखान्यातले वाद्य आहे. लिओ फेंडर यांनी 1951 साली कॅलिफोर्नियात बाजारात आणलेल्या प्रिसिजन बेसचा नेक (तारांखालचा लांब दांडा) बॉडीला (धडाला) चार स्क्रूंनी जोडलेला होता, त्यामुळे तो वेगळा तयार करता येई आणि बिघडल्यास बदलताही येई. 1960 मध्ये आलेली फेंडरचीच जॅझ बेसही याच पद्धतीने बनत असे. व्हायोलिनसारख्या वाद्यात कारागिराच्या हाताला जे मोल असते, ते येथे आराखड्याला आले. त्यामुळे आराखडा नीट पाळला, तर दुसऱ्या देशातल्या कारखान्यात आणि स्वस्त लाकडातही मूळ वाद्याचा बराचसा स्वभाव उतरवता येतो. पुढे ज्यांच्या नावाने गिटारी निघाल्या किंवा ओळखल्या गेल्या, त्यांतल्या काहींची मूळ वाद्येही स्वस्तातलीच होती. बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांनी 1961 साली हॅम्बुर्गमध्ये व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर बेस सुमारे 30 पौंडांना घेतली, कारण फेंडर तेव्हा त्यांना परवडणारी नव्हती. शिवाय तिचा आकार दोन्ही बाजूंनी सारखा असल्याने डावखुऱ्या वादकाच्या हाती ती विचित्र दिसत नसे. रश या कॅनडातील रॉक वाद्यवृंदाचे बेसवादक गेडी ली यांना त्यांची 1972 ची जॅझ बेस मिशिगन राज्यातील कॅलामझू येथे जुन्या वस्तूंच्या गहाणदुकानात मिळाली.

वादकाच्या नावाने वाद्य विकण्याची प्रथा गिटारच्या क्षेत्रात जुनी आहे. लेस पॉल या गिटारवादकाच्या नावाची गिब्सन कंपनीची गिटार 1952 सालची. बेसवादकांची पाळी मात्र उशिरा आली. साथीच्या वाद्याला नाव नसते, ही समजूत त्यामागे होती आणि तिची किंमत मोटाउन या अमेरिकी ध्वनिमुद्रण कंपनीच्या जेम्स जेमर्सन यांच्यासारख्या थोर वादकाने मोजली. असंख्य गाजलेल्या ध्वनिमुद्रणांवर त्यांची बेस ऐकू येते, पण बराच काळ तबकड्यांच्या वेष्टनावर त्यांचे नावही छापले जात नव्हते. 1983 मध्ये ते निवर्तले, तोवर त्यांच्या नावाची एकही बेस निघालेली नव्हती. फेंडरने 1990 च्या दशकात बेसवादक स्टुअर्ट हॅम यांच्यासाठी ‘अर्ज’ (Urge) नावाची बेस काढली आणि त्यानंतर ही वाट रुळली. 1998 साली आलेल्या गेडी ली जॅझ बेसचे उत्पादन जपानमध्ये आणि पुढे मेक्सिकोत झाले. मूळ वाद्याचा पातळ नेक, मेपलच्या फिंगरबोर्डवरील (नेकवर बोटे दाबण्याच्या पट्टीवरील) काळे चौकोन आणि जड ब्रिज (बॉडीवर तारा अडकवण्याचा भाग) या तीन गोष्टी तिच्यात राखल्या होत्या. त्यांतला नेक सर्वांत महत्त्वाचा, कारण ली यांच्या वेगवान वादनात डाव्या हाताला सतत जागा बदलावी लागते.

दीर्घकाळ टिकलेल्या मॉडेलांत एपिफोनची जॅक कॅसडी बेस अग्रगण्य मानावी लागेल. कॅसडी हे जेफरसन एअरप्लेन आणि हॉट टूना या वाद्यवृंदांचे वादक. गिब्सनने 1970 च्या दशकात लेस पॉल सिग्नेचर नावाची अर्धपोकळ बेस काढली होती; ती फारशी खपली नाही आणि बंद पडली. कॅसडी यांना मात्र तिचा आवाज भावला. त्या आराखड्यावर त्यांनी गिब्सनच्याच मालकीच्या एपिफोनबरोबर काम केले, पिकअपवर (तारेची कंपने विद्युत संकेतात बदलणाऱ्या भागावर) विशेष मेहनत घेतली आणि 1997 साली त्यांच्या नावाची बेस बाजारात आली. तिच्यात एकच पिकअप असून तो कमी इंपीडन्सचा (विद्युत-अवरोधाचा) आहे. आवाज आणि टोन यांच्या बटणांशेजारी तीन खाचांची एक फिरकी आहे. ती पिकअप व अँप्लिफायर यांच्यामधल्या ट्रान्सफॉर्मरची जोडणी बदलते, त्यामुळे पहिल्या खाचेत आवाज स्वच्छ आणि हलका येतो, तर शेवटच्या खाचेत तो भरदार होतो. यासाठी बॅटरी लागत नाही. बंद पडलेल्या वाद्याला एका वादकाच्या आग्रहामुळे दुसरा जन्म मिळाला आणि तोही आशियाई कारखान्यातून, मूळ गिटारच्या संग्राहक-किमतीपेक्षा कितीतरी कमी दरात. सिग्नेचर या प्रकाराचे याहून चांगले समर्थन सापडणे कठीण आहे.

दुसरे मोठे उदाहरण मार्कस मिलर यांचे. जॅझ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस यांच्याबरोबर वाजवणारे आणि त्यांच्या ध्वनिमुद्रणांची निर्मिती करणारे मिलर 1977 ची जॅझ बेस वाजवत आले आहेत. न्यूयॉर्कमधील रॉजर सॅडोव्स्की यांनी तिच्यात प्रीअँप (पिकअपचा संकेत वाढवणारे, बॅटरीवर चालणारे छोटे मंडल) बसवून दिला होता. अंगठ्याने तार ठोकायची आणि बोटाने ओढून सोडायची, ही स्लॅपची पद्धत मिलर यांनी ज्या धारदार, टणत्कारी स्वरात रूढ केली, त्याचे मूळ या जोडणीत आहे. 1970 च्या दशकातील जॅझ बेसमध्ये मागचा पिकअप ब्रिजच्या थोडा जवळ सरकवला गेला होता, त्यामुळे तारेचा कडक नाद पुढे येतो आणि प्रीअँप त्याला वरच्या व खालच्या पट्टीत उठाव देतो. मिलर यांच्या नावाने फेंडरने आधी मॉडेल काढले होते, पण 2015 च्या सुमारास सायर या कोरियन कंपनीने व्ही7 आणली तेव्हा बाजाराचा हिशेबच बदलला. इंडोनेशियात बनलेल्या चार तारांच्या या गिटारची किंमत 500 डॉलरांच्या आसपास होती. प्रीअँपमध्ये मधल्या पट्टीची नेमकी कंप्रता निवडण्याची सोय होती आणि प्रीअँप बंद करून साध्या पद्धतीने वाजवण्यासाठी वेगळा स्विचही होता. त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे फिंगरबोर्डच्या गोलावलेल्या कडा. स्वस्त गिटारीत फ्रेटची (फिंगरबोर्डवरील धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोके तळहाताला बोचतात आणि तासाभराच्या सरावानंतर हात मागे घ्यावासा वाटतो. हे काम हातानेच घासून करावे लागते, म्हणून खर्च वाचवताना बहुतेक उत्पादक पहिली काटछाट तिथेच करतात. सायरने ती केली नाही.

इबानेझ कंपनीच्या, बेसवादक गॅरी विलिस यांच्या नावाच्या मॉडेलांतही अशीच एक वादकाची खूण आहे. उजव्या हाताची बोटे तारेखाली फार खोल जाऊ नयेत म्हणून विलिस यांनी तारांखाली लाकडाची एक पट्टी बसवली. इंडोनेशियात बनणाऱ्या, पाच तारांच्या आणि फ्रेटविरहित जीडब्ल्यूबी35 या स्वस्त आवृत्तीतही ती पट्टी ठेवली आहे. तिच्यामुळे हलका स्पर्श आपोआप अंगवळणी पडतो.

पंक आणि रॉकच्या वादकांची मॉडेले बहुधा साधेपणाकडे झुकतात. फेंडरच्या मार्क हॉपस बेसमध्ये जॅझची बॉडी, प्रिसिजनचा पिकअप आणि आवाजाचे एकच बटण आहे. फेंडरने 1980 च्या दशकाच्या आरंभी सुरू केलेल्या स्क्वायर या स्वस्त ब्रँडखाली माइक डर्न्ट, पीट वेंट्झ, मॅट फ्रीमन यांच्या नावाच्या बेस निघाल्या. त्यांतल्या काहींत वादकाचा वाटा रंग आणि चिन्हापुरताच दिसतो, आणि तशा ठिकाणी नावासाठी जास्त पैसे मोजण्याऐवजी त्याच ब्रँडची साधी बेस घेणे शहाणपणाचे ठरते. रेड हॉट चिली पेपर्सचे फ्ली यांनी तर आपल्या नावापुढे जाऊन, शिकणाऱ्या मुलांना घेता याव्यात या हेतूने फ्लीबेस नावाने वेगळ्या गिटारी काढल्या होत्या. तो उपक्रम फार काळ चालला नाही.

गिटार न बदलताही एखाद्या वादकाच्या स्वराजवळ जाता येते. आयर्न मेडन या रॉक वाद्यवृंदाचे स्टीव्ह हॅरिस यांच्या नावाचा तारांचा संच रोटोसाउंड ही ब्रिटिश कंपनी विकते. त्या सपाट गुंडाळीच्या, जाड तारा 0.050 ते 0.110 इंच व्यासाच्या आहेत. साध्या प्रिसिजन धाटणीच्या बेसवर त्या चढवल्या, तर नेकवरचा ताण वाढतो. म्हणून आतल्या सळईने नेकचा बाक पुन्हा जुळवावा लागतो आणि जाड तार अडकत असल्यास नटच्या (नेकच्या वरच्या टोकाशी तारा टेकवणाऱ्या पट्टीच्या) खाचाही थोड्या रुंद कराव्या लागतात.