नर्सिंगची पदवी आणि ग्रामीण विदर्भातील परिचारिका

विद्यापीठाच्या पदवीकडे ग्रामीण रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रांतील परिचारिका कशा पाहतात, याविषयीची ही नोंद. त्यांचा पदवीला विरोध क्वचितच असतो. पदवी घेऊन ड्यूटीत काय बदलणार, एवढेच त्या विचारतात.

भारतात बी.एस्सी. नर्सिंग १९४६ मध्ये दिल्ली व वेल्लोर येथे सुरू झाले. या चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला बारावीत विज्ञान लागते. खेड्यातल्या अनेक मुलींची बारावी कला शाखेची असते, त्यामुळे त्या एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) किंवा जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसाविका) या पदवीखालच्या अभ्यासक्रमांकडे वळतात. अधिपरिचारिकेच्या (स्टाफ नर्सच्या) पदाला मात्र जीएनएम आणि बी.एस्सी. दोन्ही चालतात. एकाच वॉर्डात, एकाच रात्रपाळीत दोघी सारखेच काम करतात. मग जास्तीचा अभ्यास कशासाठी, ही कुरकुर तिथूनच येते.

जुन्या सिस्टरांची कसोटी हाताची असते. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णाची शीर सापडते का, बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबेना तर डॉक्टर येईपर्यंत काय करता येते, पावसाळ्यात सर्पदंशाचा रुग्ण आला तर गडबडून न जाता सलाईन लागते का. पदवीधर नवी मुलगी पहिले सहा महिने याच कसोटीवर तोलली जाते, आणि हे थोडे अन्यायाचेच आहे, कारण जीएनएम झालेलीही पहिल्या दिवशी तितकीच चाचपडत असते. औषधाच्या मात्रेवरून डॉक्टरांना थेट विचारण्याचे धाडस पदवीधर मुलींत अधिक दिसते, हे मात्र जुन्याही मान्य करतात.

जीएनएमनंतर दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते. पण मेळघाटातल्या धारणीत किंवा गडचिरोलीतल्या एटापल्लीत, अशा दुर्गम भागात नोकरी करणारीला त्यासाठी नागपूर, सेवाग्राम, सावंगी अशी मोठी केंद्रे गाठावी लागतात. अध्ययन रजा, मुलांची सोय, मागे राहिलेल्या सहकाऱ्यांवर पडणाऱ्या जादा पाळ्या, सगळे आले. शिवाय शिकून आलेली बरेचदा पाठ्यनिर्देशिका (नर्सिंग शिकवणारी) होते आणि वॉर्डात परतत नाही. पदवी म्हणजे रात्रपाळीतून सुटका, हा समज त्यातून पक्का झाला आहे.

२०१८ नंतर उपकेंद्रांचा दर्जा वाढवून केलेल्या आरोग्यवर्धिनी केंद्रांत (आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’) समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले, तेव्हा हा वाद उपकेंद्रापर्यंत पोहोचला. बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांना तिथे ‘अधिकारी’ म्हणून कंत्राटी नेमणूक मिळते. शेजारच्या खोलीत वीस वर्षे लसीकरण केलेली, एएनएम झालेली आरोग्य सेविका असते. तिला गावातले प्रत्येक घर ठाऊक असते, आणि रुग्ण अजूनही आधी तिच्याच दाराशी जातात.