चोवीस तास आधी येणारा तो मेसेज कुठून आला?

उद्या तुमच्या कार्डवरून अमुक रक्कम अमुक कंपनीला जाणार आहे, नको असेल तर या लिंकवर जाऊन थांबवा. बँकेचा असा मेसेज आता आपल्या सवयीचा झालाय. त्यात कंपनीचं नाव असतं, रक्कम असते, तारीख असते, पैसे कशापोटी जाणार तेही असतं. हे आधी कळवण्याचं बंधन सहजासहजी आलेलं नाही.

सुरुवात कॉलर ट्यूनपासून करावी लागते. बटणांच्या साध्या फोनवर बोलणं संपलं की स्क्रीनवर एक चौकट उगवायची. फोन पिशवीत ठेवताना अंगठा ‘ओके’वर पडला की गाणं सुरू, आणि बॅलन्समधून महिन्याला तीसेक रुपये वजा. आमच्या आईचा पन्नासचा रिचार्ज असाच दोन दिवसांत संपायचा आणि तिला वाटायचं, आपणच जास्त बोललो. त्या काळी घरोघरी हीच तक्रार होती. शेवटी जुलै २०१३ मध्ये ‘ट्राय’ने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, मोबाइल कंपन्यांना बजावलं, की अशी सेवा सुरू करण्याआधी ग्राहकाचा होकार दोनदा घ्या. सेवा बंद करायला १५५२२३ हा सगळ्या कंपन्यांसाठी एकच नंबर होता.

कार्डांची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. १ ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन खरेदीसाठी कार्डाच्या तपशिलाखेरीज आणखी एक पडताळणी सक्तीची केली. पुढे आपल्याला ओळखीचा झालेला ओटीपी तो हाच. पण व्यवहार परदेशातून फिरवला की ही पडताळणी टळायची. उबर अशाच पद्धतीने प्रवाशांच्या कार्डवरून भाडं घेत असे. ऑगस्ट २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने ही पळवाट बंद केली आणि उबरला पेटीएमच्या वॉलेटकडे वळावं लागलं.

आता अडचण उलटी झाली. दर महिन्याला ओटीपी टाकायचा तर वर्गणी, म्हणजे सबस्क्रिप्शन, आपोआप भरली जाणार कशी? म्हणून रिझर्व्ह बँकेचं २१ ऑगस्ट २०१९ चं परिपत्रक आलं. ते ग्राहकरक्षणाचं म्हणून ओळखलं जातं, पण मुळात ती सूट होती, अटी घालून दिलेली. नोंदणी करताना आणि पहिल्या व्यवहाराला ओटीपी हवाच. पुढचे २,००० रुपयांपर्यंतचे हप्ते ओटीपीशिवाय जातील, मात्र प्रत्येक वेळी किमान २४ तास आधी कार्ड देणाऱ्या बँकेने ग्राहकाला कळवायचं. परवानगी केव्हाही मागे घेता आली पाहिजे आणि या सोयीसाठी ग्राहकाकडून वेगळे पैसे घ्यायचे नाहीत. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही, की कळवण्याचं काम पैसे घेणाऱ्या कंपनीवर सोडलं नाही. आपण विसरून जाण्यातच तिला फायदा असतो. बँकेला तसा नसतो.

बँका मात्र तयारीत मागे पडल्या. मुदत ३१ मार्च २०२१ होती, ती सप्टेंबरअखेरपर्यंत वाढवावी लागली. १ ऑक्टोबरपासून नियम कडक झाले तेव्हा कित्येकांच्या वर्गण्या अडकल्या. स्वयंसेवी संस्थांना दरमहा येणाऱ्या देणग्या आणि वाचकांच्या वर्गणीवर चालणारी छोटी माध्यमं यांना त्याचा फटका बसला, आणि त्यांची त्यात काहीच चूक नव्हती. ओटीपीशिवाय जाणाऱ्या हप्त्याची मर्यादा तोवर ५,००० झाली होती. जून २०२२ मध्ये ती १५,००० वर गेली आणि डिसेंबर २०२३ मध्ये विम्याचे हप्ते, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाची बिलं यांच्यासाठी एक लाखावर.

यात ग्राहक कायदा उशिरा आला. २०१९ चा कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला. त्याच महिन्यात आलेल्या ई-कॉमर्स नियमांनी संमतीच्या चौकटीत आधीच बरोबरची खूण करून ठेवायला मनाई केली. मग ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲप आणि वेबसाइटवरच्या फसव्या रचनांचे, म्हणजे डार्क पॅटर्न्सचे, १३ प्रकार ठरवून दिले. त्यांत वर्गणीचा सापळा नावानिशी आहे: रद्द करण्याचं बटण दडवणं, रद्द करण्याची वाट लांबलचक आणि गुंतागुंतीची ठेवणं, फुकट वर्गणीसाठीही कार्डाचा किंवा खात्याचा तपशील मागणं. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना तीन महिन्यांत आपापल्या ॲपची स्वतःच तपासणी करायला सांगितलं.

एक गाठ मात्र अजून सुटलेली नाही. त्या मेसेजला आपण काहीच उत्तर दिलं नाही, तर पैसे जातातच. २०१३ मध्ये आईच्या फोनसाठी दोनदा होकार लागायचा. इथे पहिल्या ओटीपीनंतर आपलं गप्प राहणंच दर महिन्याचा होकार धरलं जातं. तो मेसेजही बहुतेक वेळा इंग्रजीत येतो आणि जाहिरातींच्या गर्दीत हरवतो. यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ या नावाखाली आपण यूपीआयवरून दिलेल्या परवानग्यांची यादी असते आणि तिथूनच त्या रद्द करता येतात. आईच्या फोनवर ती यादी मी परवा तिच्याशेजारी बसून उघडली.