दारूत प्लास्टिक 'विरघळतं' का?

कयाक (वल्ह्यांची छोटी होडी) किंवा कॅम्पिंगचा बेत ठरला की कुणीतरी हमखास बजावतंच, "काचेचीच बाटली घे रे, दारूत प्लास्टिक विरघळतं!" तसं होत नाही. रम, व्हिस्की, फेणी यांत अल्कोहोल साधारण ४२.८ टक्के. तेवढं पेट (PET, पाण्याच्या बाटल्यांचं) प्लास्टिक सहज सोसतं. विमानातल्या ५० मिलीच्या छोट्या बाटल्या बऱ्याचदा पेटच्याच असतात. बाटलीच्या बुडाला त्रिकोणात १ आकडा दिसला की ती पेट. प्लास्टिकमधून हवा हळूहळू आत शिरते हे खरं, पण तो प्रश्न महिन्यांचा, शनिवार-रविवारचा नव्हे. मात्र ती उन्हात तापू देऊ नका.

होडीत काच नकोच. खडकावर आपटली तर तुकडे अनवाणी पायांखाली. शिवाय काचेची किंवा स्टीलची भरलेली बाटली पाण्यात पडली की थेट तळाला. पेटची पाऊण लिटरची काठोकाठ भरलेली बाटलीसुद्धा तरंगते, कारण दारू पाण्यापेक्षा हलकी. झाकण तेवढं घट्ट हवं.

स्टीलही उत्तम, फक्त आधी त्यात सरबत असेल तर रमला लिंबाचा वास येणारच. अॅल्युमिनियमची आतून खरवडलेली बाटली टाळा.

खरा धोका वेगळाच आहे: स्टोव्हचं स्पिरिट. त्यात विषारी मिथेनॉल असू शकतं. ते पिण्याच्या बाटलीत कधीही भरू नका. अंधारात दोन्ही सारखीच दिसतात. आणि बाटली उघडायची ती वल्ही ठेवून, तंबू ठोकल्यावरच.