रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिमची देखभाल

गाडीच्या ब्रेकचे नियंत्रण करणारा संगणक, कारखान्यातला रोबो, उपग्रह, रुग्णालयातला इन्फ्युजन पंप अशा यंत्रांच्या आत एक प्रोसेसर बोर्ड असतो. त्यावरच्या ऑपरेटिंग सिस्टिमने काम नुसते बरोबर करून भागत नाही, ते ठरलेल्या मुदतीत उरकावे लागते. अशा सिस्टिमला रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम, थोडक्यात आरटीओएस, म्हणतात. रिअल-टाइम म्हणजे अतिवेगवान, हा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात सरासरी वेगाला इथे दुय्यम महत्त्व आहे. सगळे प्रतिकूल घडले तरी जास्तीत जास्त किती वेळ लागेल, हे आधी सांगता आले पाहिजे. सिस्टिमच्या देखभालीत नव्या बोर्डांना आधार देणे, कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे साधन) बदलणे, दोष दुरुस्त करणे ही कामे येतात. पण यांतले काहीही केले की ही मुदतीची हमी पुन्हा तपासावी लागते, आणि खरा खर्च तिथेच होतो.

आरटीओएसचा गाभा, म्हणजे कर्नल, सहसा लहान असतो. कोणते टास्क, म्हणजे स्वतंत्रपणे चालणारे काम, आधी चालवायचे, टास्कांनी एकमेकांना निरोप कसे द्यायचे, घड्याळाच्या टिकटिकीवर कुणाला उठवायचे, एवढेच त्याचे काम. हा भाग एकदा नीट बसला की वर्षानुवर्षे फारसा बदलत नाही. बदलते ती बोर्डाकडची बाजू. प्रोसेसर चालू झाल्यावर मेमरी कशी लावायची, टायमर कोणता, इंटरप्ट, म्हणजे चालू काम थांबवून लक्ष वेधणारे इशारे, कुठून येतात, सिरियल पोर्टचा पत्ता काय, ही सगळी माहिती आणि तिला लागणारे ड्रायव्हर ज्या गठ्ठ्यात असतात त्याला बोर्ड सपोर्ट पॅकेज (बीएसपी) म्हणतात. चिपची नवी आवृत्ती आली, तिचे शुद्धिपत्रक निघाले किंवा बोर्ड बनवणाऱ्याने इथरनेटची चिप बदलली, की बीएसपीला हात लावावा लागतो. २०२०नंतरच्या चिपटंचाईत अनेक उत्पादकांना मिळेल तो मायक्रोकंट्रोलर घेऊन काम भागवावे लागले; तेव्हा हा भार एकाएकी वाढला.

आरटेम्सचे उदाहरण

देखभाल दीर्घकाळ कशी चालते हे पाहायला आरटेम्स ही मुक्त आरटीओएस चांगली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी लष्कराच्या क्षेपणास्त्र विभागासाठी अलाबामातील हंट्सव्हिल येथे ओएआर या कंपनीने तिचे काम सुरू केले. नावातला ‘एम’ आधी मिसाइल, मग मिलिटरी आणि आता मल्टिप्रोसेसर असा बदलत गेला; सिस्टिमचा वापर कुठून कुठे गेला ते त्यावरून कळते. युरोपीय अंतराळ संस्थेच्या मोहिमांतील स्पार्क घराण्याचे ईआरसी३२ आणि लिऑन प्रोसेसर, कण-त्वरकांच्या प्रयोगशाळांतील मोटोरोलाचे व्हीएमई बोर्ड, शिवाय रास्पबेरी पाय आणि बीगलबोन ब्लॅक असे सामान्य बोर्ड, या सगळ्यांसाठी आरटेम्सची बीएसपी आहेत. पाचवी आवृत्ती २०२०मध्ये आली, सहावी २०२५मध्ये. सहाव्या आवृत्तीत ऑटोटूल्स ही जुनी बिल्ड पद्धत, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम तयार करण्याची रीत, काढून वॅफ ही नवी आणली गेली. वापरणाऱ्याला त्यातून एकही नवी सोय दिसत नाही, पण प्रत्येक बीएसपीची मांडणी नव्या साच्यात बसवावी लागली. देखभालीतली बरीचशी मेहनत अशीच न दिसणारी असते.

नेटवर्क आणि यूएसबीचा कोड आरटेम्सने स्वतः लिहिला नाही, तो फ्रीबीएसडी या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिममधून घेतला. निर्णय शहाणपणाचा होता, कारण टीसीपी/आयपी हे इंटरनेटचे नियमसंच नव्याने लिहून काढणे मूठभर लोकांच्या आवाक्यातले नाही. पण उसना कोड म्हणजे मूळ प्रकल्पात दुरुस्ती झाली की ती इकडेही आणायची, ही कायमची बांधिलकी.

नव्या बोर्डावर आरटेम्स उभी करताना आधी ‘हॅलो’ नावाचा छोटा प्रोग्रॅम चालवतात. अक्षरे उमटली, की सिरियल पोर्ट जागेवर आहे असे समजायचे. त्यानंतर ‘टिकर’. यात टीए१, टीए२ आणि टीए३ ही तीन टास्क अनुक्रमे दर ५, १० आणि १५ सेकंदांनी वेळ छापतात. सुरुवात नेहमी ३१ डिसेंबर १९८८, सकाळी ९ वाजता, मग बोर्ड कोणत्याही साली बनलेला असो. पडद्यावर ९:००:०५ उमटते तेव्हा हातातल्या घड्याळातही पाचच सेकंद गेलेले असले पाहिजेत. अडीच सेकंद गेले असतील, तर टायमरला मिळणारी वारंवारता बीएसपीने निम्मी धरली आहे, हे लगेच कळते. ९:००:०० च्या सुरुवातीच्या ओळी छापून सगळे थांबले, तर घड्याळाचा इंटरप्ट पोचतच नाही. अर्धा मिनिट लागणारी ही चाचणी पुढचे कित्येक तास वाचवते. त्यानंतर शेकडो चाचण्यांचा संच चालवायचा असतो. त्यांतल्या बऱ्याच चाचण्या सिम्युलेटरवर होतात, पण कॅशे (प्रोसेसरजवळची वेगवान मेमरी) आणि मेमरीच्या रांगांमुळे होणारा उशीर सिम्युलेटर खरेपणाने दाखवतोच असे नाही. म्हणून खऱ्या बोर्डाला पर्याय नाही.

दोष आणि त्यांचा माग

आरटीओएसमधले वाईट दोष क्वचित उगवतात, आणि पुन्हा घडवून आणायला गेले तर हाती लागत नाहीत. सर्वांत गाजलेले प्रकरण नासाच्या मार्स पाथफाइंडर यानाचे. ४ जुलै १९९७ रोजी ते मंगळावर उतरले आणि काही दिवसांतच त्याचा संगणक अधूनमधून रीसेट होऊ लागला. त्यावर व्हीएक्सवर्क्स ही विंड रिव्हर कंपनीची आरटीओएस होती. हवामानाची मोजणी करणारे कमी प्राधान्याचे टास्क एक कुलूप, म्हणजे म्युटेक्स, धरून बसे. डेटा बस सांभाळणाऱ्या उच्च प्राधान्याच्या टास्कला तेच कुलूप हवे असे. मधल्या प्राधान्याची टास्क मध्ये घुसली की हवामानाच्या टास्कला पुढे सरकता येत नसे, कुलूप सुटत नसे आणि बसचे काम मुदतीत होत नसे. ते पाहून देखरेख करणारा भाग संगणक रीसेट करी. याला प्रायॉरिटी इन्व्हर्जन म्हणतात. जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतील अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या प्रतिकृतीवर नोंदी चालू ठेवून हा प्रकार पुन्हा घडवला. उपाय व्हीएक्सवर्क्समध्ये होताच: कुलूप धरणाऱ्याला वाट पाहणाऱ्याचे प्राधान्य तेवढ्यापुरते उसने द्यायचे. पण त्या म्युटेक्ससाठी हा पर्याय बंद होता. पृथ्वीवरून बदल पाठवून तो चालू केला गेला. दोष शोधण्याचे साधन प्रक्षेपणापूर्वी कोडमधून काढून टाकलेले नव्हते म्हणून हे जमले. जागा वाचवण्यासाठी अशा सोयी कापणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे.

दुसरा वर्ग मोजणी ओलांडण्याचा. सेकंदाला १,००० टिक मोजणारा ३२ बिटांचा काउंटर ४,२९,४९,६७,२९६ टिकांनंतर, म्हणजे सुमारे ४९.७ दिवसांनी, शून्यावर येतो. ‘आत्ताची वेळ मुदतीपेक्षा मोठी आहे का’ असे थेट विचारणारा कोड त्या क्षणी चुकतो. दोन वेळांची चिन्हरहित वजाबाकी करून फरक पाहणारा कोड तरून जातो. प्रयोगशाळेत दोन दिवस चाचणी घेणाऱ्याला हा दोष दिसणे शक्यच नाही, म्हणून काउंटरची सुरुवात मुद्दाम ओलांडण्याच्या उंबरठ्यापासून करण्याची पद्धत आहे. बोइंग ७८७ विमानांबाबत अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाने २०१५ साली दिलेला आदेश याच जातीच्या दोषाबद्दल होता: सलग २४८ दिवस वीज चालू राहिली तर जनरेटरचे नियंत्रक एकदम बंद पडू शकत होते. २४८ दिवस म्हणजे सेकंदाचे शंभरावे भाग ३१ बिटांत मोजता येण्याची मर्यादा.

फ्रीआरटीओएस ही रिचर्ड बॅरी यांनी २००३मध्ये सुरू केलेली सिस्टिम मायक्रोकंट्रोलरांवर फार वापरली जाते. २०१७पासून ती अॅमेझॉनच्या छत्राखाली आहे. आर्म कॉर्टेक्स-एम प्रोसेसरवर ती वापरताना एक सापळा ठरलेला. तिथे इंटरप्टच्या प्राधान्याचा आकडा जितका लहान तितके त्याचे प्राधान्य मोठे, आणि काही न ठरवता सोडले तर आकडा शून्य, म्हणजे सर्वोच्च. अशा इंटरप्टमधून कर्नलचे फंक्शन बोलावले की त्याच्या टास्कांच्या याद्या विस्कटतात, आणि यंत्र भलत्याच ठिकाणी, भलत्याच वेळी मरते. फ्रीआरटीओएसच्या नव्या पोर्टांत, म्हणजे वेगवेगळ्या प्रोसेसरांसाठीच्या रूपांत, यासाठी असर्टच्या तपासण्या (अट मोडली की लगेच थांबवणाऱ्या) घातलेल्या आहेत. त्या चालू ठेवणे वापरणाऱ्याच्या हाती असते.

कंपायलर बदलणेही निरुपद्रवी नसते. व्होलटाइल, म्हणजे ‘ही किंमत बाहेरून बदलू शकते’ अशी कंपायलरला द्यायची सूचना, लिहायचे राहून गेलेले चल जुन्या कंपायलरवर निभावून जाते. नवा कंपायलर ते प्रोसेसरच्या आतल्या रजिस्टरमध्ये ठेवतो आणि इंटरप्टने केलेला बदल टास्कला कधीच दिसत नाही.

जाळ्याला जोडलेल्या यंत्रांमुळे सुरक्षेचे काम वाढले आहे. २०१९मध्ये आर्मिस कंपनीच्या संशोधकांनी व्हीएक्सवर्क्सच्या आयपीनेट या नेटवर्क भागात ११ त्रुटी जाहीर केल्या. आयपीनेट मूळचा इंटरपीक या स्वीडिश कंपनीचा. विंड रिव्हरने ती विकत घेण्यापूर्वी त्याचे परवाने इतर आरटीओएसनाही दिलेले होते, त्यामुळे त्याही अडचणीत आल्या. दुरुस्ती तयार असली तरी ती चालत्या यंत्रात घालणे वेगळे. वैद्यकीय उपकरणात आणि विमानात प्रत्येक बदलासाठी प्रमाणनाची कागदपत्रे पुन्हा करावी लागतात. म्हणून मालक जुनी आवृत्ती सोडत नाहीत, आणि देखभाल करणाऱ्यांना एकाच वेळी अनेक आवृत्त्या सांभाळाव्या लागतात.

मुख्य प्रवाहाबाहेर राहण्याची किंमत लिनक्सला रिअल-टाइम बनवणाऱ्या प्रीएम्प्ट-आरटी या बदलसंचाने मोजली. सुमारे वीस वर्षे तो वेगळा ठेवला गेला, आणि कर्नलच्या नव्या आवृत्त्यांवर पुनःपुन्हा बसवावा लागला. २०२४मध्ये ६.१२ आवृत्तीत तो अखेर मूळ लिनक्समध्ये सामावला.

भारतात पुण्याच्या वाहन-इलेक्ट्रॉनिक्स उद्योगात या कामाचा मोठा वाटा ऑटोसार या वाहनांतील सॉफ्टवेअरच्या प्रमाणाशी निगडित आहे. तिथल्या ऑपरेटिंग सिस्टिमचे मूळ ओएसईके या जर्मन वाहन उद्योगातून आलेल्या प्रमाणात आहे. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकच्या तिरुवनंतपुरम केंद्राचा वेगा हे रिस्क-फाइव्ह या खुल्या प्रोसेसर-रचनेवरचे देशी प्रोसेसर आल्याने स्वतःच्या चिपसाठी बीएसपी लिहिण्याची गरजही निर्माण झाली आहे. आरटेम्स २००८पासून गूगल समर ऑफ कोडमध्ये, म्हणजे नवोदितांना मुक्त प्रकल्पांवर काम देणाऱ्या उपक्रमात, भाग घेत आली आहे, आणि त्यातून भारतीय विद्यार्थीही तिच्या कामात आले. मात्र विद्यार्थ्याने उन्हाळ्यात लिहिलेले बीएसपी पुढे कोण सांभाळणार, हा प्रश्न प्रत्येक मुक्त प्रकल्पाला पडतो.

त्याचे उत्तर कधी कधी बीएसपी काढून टाकणे हेच असते. आरटेम्समध्ये खऱ्या हार्डवेअरवर नियमित तपासलेले बीएसपी वरच्या श्रेणीत आणि ज्याचे चाचणी-निकाल कुणी पाठवत नाही ते खालच्या श्रेणीत ठेवतात. बोर्ड बाजारातून गेला, वापरणारा कुणी पुढे आला नाही, तर आधी ते कालबाह्य जाहीर होते आणि पुढच्या आवृत्तीत वगळले जाते. कुणाच्या कपाटात तो बोर्ड अजून असेल आणि त्याला हरकत असेल, तर त्याने त्यावर चाचण्या चालवून निकाल पाठवायचे असतात.